डॅशबोर्डवरचं बंद घड्याळ आणि मीटरचा मिणमिणता उजेड

जुनी गाडी बघायला गेलं की आपण इंजिन ऐकतो, पत्रा वाजवून बघतो, खाली वाकून गंज शोधतो. घड्याळाकडे कोणी बघत नाही. ते बंदच असणार, हे विकणाऱ्यालाही ठाऊक असतं आणि घेणाऱ्यालाही. मीटरच्या लाईटचंही तेच. रात्री काटा दिसत नाही म्हटलं की उत्तर ठरलेलं: ‘जुन्या गाड्यांचं असंच असतं साहेब, एलईडी टाका.’

गेल्या काही वर्षांत गिरगावातल्या आमच्या स्वयंपाकघराच्या ओट्यावर मी बरीच घड्याळं उघडली. काही माझी, काही मित्रांची, काही चोर बाजारातून तोलूनमापून घेतलेली. त्यातली खरोखर मेलेली फार थोडी निघाली. बाकीची सुकलेली आणि मळलेली होती. लाईटचंही तसंच, बल्ब क्वचितच दोषी असतो. त्यामुळे या लेखात बदलण्यापेक्षा पुसण्याचंच काम जास्त आहे.

आधी घड्याळाची जात ओळखा

साधारण तीन प्रकार सापडतात. पहिला, आपोआप चावी बसणारा. आत छोटी स्प्रिंग असते, ती एक-दोन मिनिटांत उतरते. उतरली की दोन पॉइंट एकमेकांना टेकतात, कॉइलमधून करंट जातो, कॉइल एका दांड्याला झटका देते आणि स्प्रिंग पुन्हा भरते. गाडी बंद करून शांत बसलात तर दर थोड्या वेळाने ‘टक’ ऐकू येतं, ते हेच. जर्मन आणि अमेरिकन गाड्यांत ही घड्याळं खूप. दुसरा प्रकार बॅलन्स व्हीलला, म्हणजे मागेपुढे डोलणाऱ्या चाकाला, कॉइलने थेट ढकलणारा. यात जुन्यांना पॉइंट असतात आणि साधारण साठच्या दशकापासूनच्या पुढच्यांना ट्रान्झिस्टर. ब्रिटिश गाड्यांतली स्मिथ्स कंपनीची घड्याळं बहुतेक या घराण्यातली. तिसरा प्रकार क्वार्ट्झ, म्हणजे सत्तरच्या दशकानंतरचा. मर्सिडीजची डब्ल्यू १२३ कोणाकडे असेल तर त्याने याच प्रकाराची तयारी ठेवावी.

जात कळली नाही तर पाठीमागे वाचा. व्होल्टेज आणि कुठलं टोक प्लस, हे बहुधा छापलेलं असतं. हे नीट वाचा, कारण साठच्या दशकाच्या मध्यापर्यंतच्या बऱ्याच ब्रिटिश गाड्यांत बॅटरीचं प्लस टोक बॉडीला जोडलेलं असे. आपल्याकडे पुढे कुठल्याशा वायरमनने गाडी मायनस अर्थिंगची करून टाकलेली असते आणि घड्याळ मात्र मूळचंच. ट्रान्झिस्टरच्या घड्याळाला उलट करंट दिला तर ट्रान्झिस्टर जागच्या जागी जातो. काही गाड्या ६ व्होल्टच्याही होत्या, तेही तपासा.

गाडीतून काढताना

बॅटरीचं बॉडीला जोडलेलं टोक आधी सोडा. पाना चुकून पत्र्याला लागला तरी ठिणगी पडत नाही. मग मीटरच्या मागे हात घाला. घड्याळ बहुतेक वेळा यू आकाराच्या पट्टीने आणि दोन नटांनी धरलेलं असतं. प्रत्येक वायरला मास्किंग टेप लावून त्यावर पेनाने लिहा. ‘लक्षात राहील’ असं मीही म्हणायचो.

वायर ओढू नका. पन्नास-साठ वर्षांच्या रबराला मुंबईची हवा लागली की ते खारी बिस्किटासारखं होतं, हात लागताच भुगा. तसं दिसलं तर तेवढा तुकडा आत्ताच बदला. मागची तांब्याची तार उघडी ठेवून घड्याळ दुरुस्त करण्यात अर्थ नाही.

टेबलावरची पहिली परीक्षा, आणि माझी चूक

घड्याळ उघडण्याआधी त्याला १२ व्होल्ट देऊन बघायचं. इथे मी एक चांगलं घड्याळ घालवलं आहे, म्हणून जरा तपशिलात सांगतो.

चोर बाजारात मटन स्ट्रीटवरून एक चावी बसणारं घड्याळ आणलं होतं. आमच्या प्रीमियर पद्मिनीत घड्याळ नव्हतं, डॅशबोर्डखाली एक लावावं अशी हौस. घरी आल्याआल्या हाताशी होता तो राउटरचा १२ व्होल्ट, १ अँपिअरचा ॲडॉप्टर जोडला. ‘टक’ झालं नाही, नुसतं बारीक गुणगुणलं. मी मल्टिमीटर शोधायला आत गेलो. परत आलो तेव्हा इस्त्री करताना कपडा जळल्यासारखा वास येत होता आणि कॉइल बोट टेकवू देत नव्हती.

काय झालं ते नंतर कळलं. कॉइल साधारण ४ ओहमची. १२ व्होल्टला ती ३ अँपिअर मागते, पण फक्त क्षणभर. ॲडॉप्टरकडे तेवढी ताकद नव्हती, व्होल्टेज कोसळलं, दांडा अर्ध्यावर अडकला. दांडा उडाला नाही म्हणून पॉइंट सुटले नाहीत, आणि पॉइंट सुटले नाहीत म्हणून कॉइल तापत राहिली. गाडीत उतरलेली बॅटरी नेमकं हेच करते. बहुतेक घड्याळं म्हातारपणाने नाही, महिनाभर न चालवलेल्या गाडीच्या अर्धमेल्या बॅटरीने मरतात.

म्हणून परीक्षेला यूपीएसची १२ व्होल्ट ७ एएच (अँपिअर-तास) बॅटरी घ्या, पूर्ण चार्ज केलेली. प्लसच्या वायरीत १ अँपिअरचा ‘स्लो ब्लो’ फ्यूज टाका. क्षणभराचे ३ अँपिअर तो सोसतो, पण दांडा अडकला तर काही सेकंदांत उडतो. दहा रुपयांची काच, पण तीच कॉइल वाचवते. हा फ्यूज पुढे गाडीतही कायम ठेवायचा.

जोडल्यावर ‘टक’ होऊन घड्याळ दोन मिनिटं चाललं आणि पुन्हा ‘टक’ झालं, तर फक्त सर्व्हिसिंग हवं. ‘टक’ होतं पण टिकटिक नाही, म्हणजे आत मळ आहे. काहीच नाही, तर बॅटरी सोडून कॉइलचा रोध मोजा. काही ओहम आले तर कॉइल जिवंत. मल्टिमीटर काहीच दाखवत नसेल तर कॉइल तुटली, किंवा तिच्या वाटेतला सोल्डरचा डाग वितळला. त्या डागाबद्दल पुढे सांगतो.

उघडणं

काचेभोवतीची चकचकीत कडा मागे दुमडून बसवलेली असते. सपाट, बोथट स्क्रू ड्रायव्हरने ती एकेका ठिकाणी केसभर उचलायची आणि गोल फिरत राहायचं. चार फेऱ्या मारा, पाच मारा. एकाच जागी जोर लावलात तर कडेला जो पोचा येतो, तो आयुष्यभर गाडीत बसून तुम्हीच बघणार.

काटे काढण्याआधी फोटो घ्या. डायलवर पॉलिथिनचा तुकडा पसरा, दोन्ही बाजूंनी पातळ पट्ट्या काट्याच्या बुडाखाली घाला आणि सरळ वर उचला. आधी सेकंद काटा, मग मिनिट, शेवटी तास. डायलला पाणी, स्पिरिट, कॉलिन, काहीही लावायचं नाही. अक्षरं पुसली जातात, आणि ती परत येत नाहीत. मऊ कोरड्या ब्रशने धूळ झटका, बस.

एक इशारा. आपण चमकणाऱ्या कुठल्याही गोष्टीला रेडियम म्हणतो, रिक्षावरच्या स्टिकरलासुद्धा. पण साठच्या दशकापर्यंतच्या काही डायलवर आणि काट्यांवर खरंखुरं रेडियम असू शकतं. आकड्यांवर पिवळट-तपकिरी जाडसर लेप दिसला आणि तो आता चमकत नसला, तरी धोका संपलेला नसतो. चमक देणारं रसायन थकतं, रेडियमचं अर्धायुष्य मात्र सुमारे १६०० वर्षं आहे. असा लेप खरवडू नका, त्यावर फुंकर मारू नका, डायल प्लास्टिकच्या पिशवीत बंद करून बाजूला ठेवा. काटे सुटत नसतील तर ते घड्याळ तसंच बंद करा.

धुणं आणि तेल

आमच्या गल्लीत हातातल्या घड्याळांची दुरुस्ती करणारे एक काका आहेत. पहिलं घड्याळ त्यांच्याकडे नेलं आणि म्हटलं, ‘काका, जरा तेलाचा थेंब टाकून द्याल?’ त्यांनी भिंग डोळ्याला लावलं, आत पाहिलं आणि घड्याळ माझ्या नाकाखाली धरलं. ‘वास घ्या.’ खोबरेल होतं. कोणीतरी कधीतरी घातलेलं, आता त्याचं मेण झालेलं. ‘अहो, घड्याळ तेलाने बंद पडतं, तेलाविना नाही. आधी धुवा.’

धुवायला लायटरमध्ये भरतात तो नॅप्था वापरा. खिडकी उघडी, गॅस बंद, उदबत्तीसुद्धा नको. बारीक ब्रशने चाकं, चाकांचे दात आणि धुऱ्या ज्या भोकांत फिरतात ती भोकं धुवा. टोकदार केलेली दात कोरायची काडी प्रत्येक भोकात फिरवा, काळं निघेल. निघायचं थांबेपर्यंत काड्या बदलत राहा. आयसोप्रोपिल अल्कोहोल फक्त पॉइंटसाठी ठेवा. ते लाख विरघळवतं, आणि जुन्या कॉइलवर लाखेचं वार्निश असू शकतं. हेअरस्प्रिंगला, म्हणजे डोलणाऱ्या चाकाच्या केसासारख्या बारीक स्प्रिंगला, हात लावू नका. ती वाकली तर काकासुद्धा मान हलवतात.

पॉइंट म्हणजे या सगळ्याचा जीव. त्यांना आलेला काळा कार्बन पॉलिश पेपरने घासायचा मोह होतो, पण घासलात की वरचा चांगला थर जातो. व्हिजिटिंग कार्डाची बारीक पट्टी अल्कोहोलमध्ये भिजवून दोन पॉइंटच्या मध्ये धरा आणि ओढा. पट्टी पांढरी बाहेर येईपर्यंत. खड्डेच पडले असतील तरच २००० नंबरच्या कागदाने दोन-तीन हलके हात, आणि मग परत कार्ड.

सुकल्यावर तेल. घड्याळाचंच तेल, बारीक सुईच्या टोकावर येईल तेवढं, फक्त धुऱ्यांच्या भोकांत. दातांना नाही, पॉइंटला नाही, हेअरस्प्रिंगला तर नाहीच. शिलाई मशीनचं तेल पसरतं, गंज सोडवायचा स्प्रे उडून जातो आणि मागे चिकटा ठेवतो. तेल डोळ्यांना दिसलं तर ते जास्त झालं असं समजा.

कॉइलच्या वाटेतला डाग

चावीच्या काही घड्याळांत कॉइलकडे जाणारा करंट एका छोट्या स्प्रिंगच्या पट्टीतून जातो, आणि ती पट्टी कमी तापमानाला वितळणाऱ्या डागाने धरलेली असते. कॉइल फार तापली की डाग वितळतो, पट्टी उडते, करंट तुटतो. घड्याळ मेल्यासारखं वाटतं, पण खरं म्हणजे त्याने स्वतःला वाचवलेलं असतं. माझंही असंच वाचलं होतं, नंतर मी नेहमीच्या सोल्डरने डाग दिला आणि पुढच्या वेळी कॉइल जाळली. रेडिओवाल्यांचं ६०/४० सोल्डर १८३ अंशांच्या पुढे वितळतं, तोवर कॉइलचं वार्निश शिजतं. बिस्मथ मिसळलेलं सोल्डर घ्या, ते १३८ अंशांना वितळतं. लॅमिंग्टन रोडवर मोबाईल दुरुस्तीचं सामान विकणाऱ्यांकडे विचारा.

तिथे गेलाच आहात तर एक १एन४००७ डायोडही घ्या, तो करंट एकाच दिशेने जाऊ देतो. कॉइलच्या दोन टोकांवर तो आडवा जोडायचा, डायोडच्या अंगावर रंगाची पट्टी असलेलं टोक प्लसकडे. करंट तुटताना पॉइंटवर ठिणगी पडते, ती हा डायोड गिळतो, आणि पॉइंट कितीतरी जास्त टिकतात. प्लस अर्थिंगच्या गाडीतही नियम तोच, पट्टी प्लसकडे. फक्त तिथे प्लस म्हणजे बॉडी.

क्वार्ट्झची गोष्ट छोटी आहे. क्रिस्टल सहसा जात नाही, इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर सुकतात. जितके मायक्रोफॅरड लिहिलेत तितकेच घ्या, व्होल्ट तेवढे किंवा जास्त, उलटसुलट टोकं सांभाळा. सर्किटवरच्या जुन्या डागांना भिंगातून गोल चिरा दिसल्या तर तेही ताजे करा. बहुतेक वेळा एवढ्यावर काम होतं.

कॉइल खरोखर जळालीच असेल तर आत भिंतीवरच्या घड्याळाचं दीड व्होल्टचं मशीन बसवता येतं. काट्यांची भोकं जुळवायला थोडं कानसकाम लागतं. बरेचजण मग १२ व्होल्टचे दीड करायला एलएम३१७ ही व्होल्टेज उतरवणारी चिप लावतात. ती चिप नीट चालायला स्वतःच सुमारे १० मिलिअँपिअर पिते, घड्याळापेक्षा कितीतरी जास्त. दिवसाला पाव एएच, शंभर दिवसांत २४ एएच. ३५ एएचच्या बॅटरीचं काय उरेल? त्यापेक्षा साधा पेन्सिल सेल डॅशबोर्डच्या मागे क्लिपमध्ये ठेवा, वर्षभर बघायला नको. जुनं मशीन फेकू नका, पिशवीत घालून गाडीचा नंबर लिहून ठेवा.

उजेड: बल्ब सगळ्यात शेवटी

आता रात्रीचं काम. पार्किंग लाईट लावा, मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवा. एक टोक बॅटरीच्या बॉडीला जोडलेल्या टर्मिनलवर, दुसरं मीटरमधल्या बल्बच्या होल्डरच्या पत्र्यावर. आकडा ०.२ व्होल्टच्या आत असायला हवा. माझ्या पद्मिनीत २ आला. म्हणजे बारातले दोन व्होल्ट गंजलेल्या अर्थिंगमध्येच संपत होते. साध्या बल्बचा उजेड व्होल्टेजच्या साधारण साडेतीनाव्या घाताने बदलतो, त्यामुळे दोन व्होल्ट गेले की उजेड जवळजवळ निम्मा होतो. मी तोवर तीनदा बल्ब बदलून बसलो होतो.

उपाय कंटाळवाणा पण स्वस्त. होल्डर काढा, आतला-बाहेरचा गंज फायबरच्या ब्रशने साफ करा, मीटरच्या बॉडीपासून गाडीच्या स्वच्छ पत्र्यापर्यंत एक नवी जाड वायर टाका. ब्रिटिश मीटरवाल्यांना याचा एक वेगळाच फायदा होतो. तिथे पेट्रोलच्या काट्याला सरासरी १० व्होल्ट देणारा छोटा स्टॅबिलायझर असतो, त्याचं अर्थिंग त्याच्याच पत्र्यातून होतं. ते सुटलं की काट्याला पूर्ण व्होल्टेज मिळतं आणि टाकी रिकामी होत आली तरी काटा मजेत वर. पेडर रोडच्या चढावर गाडी बंद पडण्याचं हेही एक कारण असू शकतं.

दुसरं, डिमरची, म्हणजे मीटरचा उजेड कमी-जास्त करायची घुंडी. ती पंचवीस-तीस वेळा या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा, कॉन्टॅक्ट क्लीनर मारा, परत फिरवा. तारेवरचा गंज निघतो.

तिसरं, मीटरच्या डब्याचा आतला रंग. कारखान्यातून तो पांढरा आलेला असतो, आपल्यापर्यंत चहाच्या कपाच्या बुडासारखा होतो. यंत्र बाहेर काढून डबा पांढऱ्या स्प्रेने रंगवा आणि पूर्ण दोन दिवस वाळू द्या, नाहीतर वाफ काचेवर बसते. ॲल्युमिनियमची चकचकीत फॉइल चिकटवायची युक्ती कोणी सांगितली तर ऐकू नका. सुटली की शॉर्ट.

एवढं केल्यावर मूळचे २.२ वॉटचे बल्ब लावून एकदा रात्री बघा. बऱ्याच जणांचं इथेच समाधान होईल. मात्र जास्त उजेडासाठी ५ वॉटचे बल्ब कोंबू नका, त्यांच्या उष्णतेने हिरवे-निळे फिल्टर वितळतात आणि ते आता मिळत नाहीत.

तरीही एलईडी हवाच असेल तर आधी बूड ओळखा. स्क्रूचं ते ई१०, खिट्टीचं ते बीए९एस, नुसती काच खोचायची ती टी१० किंवा टी५. जुना बल्ब खिशात घालून ऑपेरा हाऊसच्या स्पेअर पार्ट्सच्या दुकानांत जा, नाव सांगण्यापेक्षा नमुना दाखवणं बरं. रंग घ्या वॉर्म व्हाइट, ३००० केल्विनच्या आसपास. मी सुरुवातीला शुभ्र पांढरे लावले, डॅशबोर्ड एटीएमच्या खोलीसारखा दिसायला लागला. उजेड चहूबाजूंना फेकणारा एलईडी घ्या, समोरून फेकणारा एकाच आकड्यावर टॉर्च मारतो. प्लस अर्थिंगच्या गाडीत दोन्ही बाजूंनी चालणारा मागा.

जुना डिमर एलईडीला जुमानत नाही, हे आधीच सांगतो. २.२ वॉटचे चार बल्ब मिळून पाऊण अँपिअरच्या आसपास ओढतात, तेव्हा डिमरच्या तारेत व्होल्टेज पडतं. एलईडी इतका कमी करंट घेतात की तार काही अडवतच नाही. मंद करायचेच असतील तर छोटा पीडब्ल्यूएम डिमर (करंट झपाट्याने चालू-बंद करून उजेड कमी करणारा) लावा, किंवा मुळात कमी उजेडाचे एलईडी घ्या. मी दुसरा मार्ग घेतला.

दोन जागी एलईडी अजिबात नको. एक, चार्जिंगचा लाल दिवा. बॅटरी चार्ज करायला आल्टरनेटर असलेल्या बऱ्याच गाड्यांत त्याला जागं करणारा पहिला करंट याच बल्बमधून जातो. तिथे एलईडी टाकला तर इंजिन चालू, बॅटरी मात्र चार्ज होत नाही. दुसरा, इंडिकेटरचा एकच हिरवा दिवा असेल तो. तो डाव्या आणि उजव्या बाजूच्या मध्ये जोडलेला असतो, करंट कधी इकडून येतो कधी तिकडून. साधा एलईडी एकाच बाजूला लुकलुकेल.

बंद करताना

कोरड्या दिवशी बंद करा, डिसेंबर-जानेवारी उत्तम. पावसाळ्यात बंद केलेल्या घड्याळात पावसाळाच कोंडला जातो, थंडी पडली की काचेवर आतून दव आणि मग बुरशी. निरुपाय असेल तर घड्याळ रात्रभर सिलिका जेलच्या डब्यात ठेवा आणि एसी लावलेल्या खोलीत बंद करा. रबरची रिंग नवी घाला, कडा उघडली तशीच थोडी थोडी दुमडत आणा.

पूर्ण बंद करण्याआधी दोन दिवस टेबलावर चालवा. मागे किंवा डायलच्या कडेला प्लस-मायनसची बारीक दांडी असते. घड्याळ मागे पडत असेल तर प्लसकडे केसभर, मग पुन्हा एक दिवस थांबा. काही घड्याळांत दांडी नसते, काटा पुढे लावलात की ते स्वतःच पुढच्या वेळेला थोडं जलद होतं. दिवसाला मिनिटभराचा फरक या वयाला शोभतो.

टॅक्सीच्या पद्मिनी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेल्या, त्यामुळे होल्डर, क्लिपा, काचेच्या रिंगा अशी किरकोळ वस्तू कुर्ल्याला भंगारात दिसली तर दोन जास्तीच्या घेऊन ठेवा.

आणि घड्याळाच्या प्लसच्या वायरीत, त्या फ्यूजच्या शेजारी, एक सुटी होणारी पिन ठेवा. जूनमध्ये गाडीवर ताडपत्री चढली की पिन काढायची. गणपतीआधी गाडी बाहेर काढताना बॅटरी पूर्ण चार्ज करा, मल्टिमीटरवर १२.६ व्होल्ट दिसू द्या, काच खाली करून आत बसा आणि मगच पिन लावा. ‘टक’ ऐकू आलं नाही तर लगेच काढा.